दोन वाजता झोप येणाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी

ज्याला रात्री दोन-अडीचशिवाय झोप लागत नाही, त्याला घरचे, शेजारचे आणि इंटरनेटवरचे सगळे एकच सल्ला देतात: पहाटे पाचला उठायला लाग, रात्री दहाला आपोआप झोप येईल. चार दिवस हा प्रयोग होतो. पाचव्या दिवशी माणूस दुपारी पाटावर बसल्या बसल्या पेंगतो आणि रात्री पुन्हा दोनपर्यंत टक्क जागा असतो. यात इच्छाशक्ती कमी पडलेली नसते. अलार्म चुकीच्या वेळेचा असतो, इतकंच. बरोबर वेळ कशी काढायची आणि ती हळूहळू अलीकडे कशी आणायची, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी इथल्याच सूर्योदयाचे आणि इथल्याच कामाच्या वेळांचे आकडे घेतले आहेत.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. माणसात त्याचा फेरा सरासरी २४ तासांहून थोडा मोठा असतो, म्हणून रोजच्या उजेडाने ते थोडं मागे ओढून घ्यावं लागतं. काहींचं घड्याळ बाकीच्यांपेक्षा दोन-तीन तास उशिराने लागलेलं असतं. झोपेच्या तज्ज्ञांनी १९८१ मध्ये या प्रकाराचं स्वतंत्र वर्णन केलं. २०१७ मध्ये अशा काही कुटुंबांत सीआरवाय-१ या जनुकातला बदल सापडला. शरीराच्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी. सगळ्या उशिरा झोपणाऱ्यांच्या मुळाशी जनुक असतंच असं नाही. वय हे फार मोठं कारण आहे. वयात येताना घड्याळ पुढे सरकतं, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराचं असतं आणि मग हळूहळू अलीकडे येतं. पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) मुलगा रात्री एकला ताजातवाना आणि सकाळी सातला मढ्यासारखा दिसतो तो बहुतेक यामुळेच.

आपण त्यातले आहोत का

एक साधी कसोटी आहे. सुट्टीत, कुणी उठवायला नसताना, आपल्या वेळेला झोपल्यावर झोप पटकन लागते का, गाढ लागते का, आणि सात-आठ तासांनी उठल्यावर बरं वाटतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर झोप चांगली आहे, फक्त उशिराची आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

स्वतःच्या वेळेलाही झोप येत नसेल, रात्री तीनदा जाग येत असेल, तर तो निद्रानाश. त्याचे उपाय वेगळे. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड असणं ही श्वास अडण्याच्या विकाराची लक्षणं आहेत. वजन जास्त किंवा रक्तदाब असेल तर आधी तेच तपासून घ्या. पायांत मुंग्या येऊन पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. झोपेबरोबर भूक, उमेद आणि बोलणंही मंदावलं असेल तर ते नैराश्य असू शकतं. अशा वेळी घड्याळाशी खेळत बसू नका, डॉक्टर गाठा.

पहिली पायरी: चौदा दिवसांची वही

मोबाईलचं अ‍ॅप नको, मनगटावरचं घड्याळ नको, शंभर पानी वही पुरते. रोज सकाळी पाच गोष्टी लिहायच्या: अंथरुणावर कधी पडलो, झोप अंदाजे कधी लागली, जाग कधी आली, शेवटचा चहा-कॉफी कितीला, आणि सकाळी उघड्यावर पहिल्यांदा कधी गेलो. रात्री घड्याळ पाहत पडायचं नाही. सकाळचा अंदाज पुरेसा असतो.

या चौदा दिवसांत निदान चार दिवस बिनअलार्मचे हवेत. कामाच्या दिवशीची वेळ ही मालकाची असते, आपल्या शरीराची नव्हे. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी यासाठी उत्तम. सुट्टीचे पहिले दोन दिवस हिशेबात धरू नका, कारण तेव्हा माणूस आठवड्याची थकबाकी फेडत असतो आणि जास्त वेळ झोपतो.

दुसरी पायरी: तळाची वेळ काढा

रात्री शरीराचं तापमान उतरत जातं आणि नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन ते अडीच तास ते सर्वांत खाली असतं. या क्षणाला आपण तळाची वेळ म्हणू. साऱ्या हिशेबाची खुंटी तीच आहे. तळाच्या वेळेनंतर डोळ्यांत पडलेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. तळाच्या वेळेआधी पडलेला उजेड घड्याळ पुढे ढकलतो. उजेड तोच, परिणाम उलटा.

समजा एक चोवीस वर्षांचा मुलगा सुट्टीत रात्री अडीचला झोपतो आणि सकाळी दहाला उठतो. त्याची तळाची वेळ साडेसातच्या आसपास. त्याला पाचला उठवून ट्यूबखाली बसवलं किंवा साडेसहाला फिरायला पिटाळलं, तर तो उजेड तळाच्या आधी पडतो. त्याच्या शरीराला वाटतं संध्याकाळच लांबली आहे, आणि रात्रीची झोप आणखी पुढे जाते. पाचच्या अलार्मचं गणित इथेच चुकतं.

इथल्या भूगोलाचाही यात थोडा हात आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, मिर्झापूरजवळची. बेळगाव ७४.५ अंशांवर आहे. फरक आठ अंशांचा, अंशाला चार मिनिटं धरली तर ३२ मिनिटांचा. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा बेळगावच्या आकाशात साडेअकराच वाजलेले असतात. जानेवारीत इथे सूर्य सातच्या थोडं पुढे उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. नोव्हेंबरात मावळतो सहाच्या आत-बाहेर, जुलैच्या सुरुवातीला सातनंतर. कोलकात्यात राहणाऱ्याला पाचला जो उजेड मिळतो त्याची इथे वाट पाहावी लागते. तेव्हा पहाटे पाचला उठण्याचा सल्ला इथे मुळातच जास्त अंधारातला आहे.

तिसरी पायरी: सकाळचा उजेड

सगळ्या उपायांत याचं वजन जास्त. बाकीचं जमलं नाही तरी चालेल, हे सोडू नका.

सुरुवात आपल्या नैसर्गिक उठण्याच्या वेळेपासून, फार तर अर्धा तास अलीकडून करायची. वरच्या मुलाने पहिल्या दिवशी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान उठावं आणि उठल्यापासून पंधरा मिनिटांत उघड्यावर यावं. तीस ते साठ मिनिटं तिथेच थांबावं. चहा तिथे, पेपर तिथे, दात घासणंसुद्धा तिथे. सूर्याकडे पाहायचं नाही, नुसतं उघड्या आकाशाखाली असायचं.

घरात दिवे लावून का चालत नाही? उजेड लक्समध्ये मोजतात. चांगल्या उजळ खोलीत १०० ते ३०० लक्स असतो. आकाश पूर्ण ढगाळ असलं तरी बाहेर एक हजारापासून दहा हजारांपर्यंत भरतो, आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात जातो. आपल्याला हा फरक कळत नाही कारण डोळा जुळवून घेतो, पण घड्याळाला कळतो. खानापूर-जांबोटीकडची जुनी कौलारू घरं आतून थंड आणि काळोखी असतात. माजघरात बसून केलेला सकाळचा तास या कामासाठी शून्य धरा. सोप्यावर, कट्ट्यावर, अंगणात बसा. शहरात फ्लॅट असेल तर गच्ची गाठा. बंद काचेच्या खिडकीमागे उजेड बराच कमी होतो, त्यामुळे खिडकी तरी उघडाच. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान किंवा किल्ला तलावाचा काठ फिरायला बरा, पण फिरणं हा बोनस झाला. मुख्य काम डोळ्यांचं आहे, पायांचं नाही.

पावसाळ्यात लोक हे सोडून देतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये घड्याळ पुन्हा घसरतं. खरं तर झड लागलेली असतानाही पत्र्याच्या पडवीत, आकाश दिसेल अशा कडेला बसलं तरी घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो. ढगाळ दिवशी अर्ध्या तासाऐवजी एक तास द्या.

उजेडाच्या पेट्या मिळतात. घ्यायचीच असेल तर १०,००० लक्सची घ्या, आणि तो आकडा किती अंतरावर मिळतो ते खोक्यावर वाचा. बहुतेकींत तो २५-३० सेंटिमीटरवरचा असतो, म्हणजे पेटी टेबलावर, तोंडासमोर जरा बाजूला ठेवून अर्धा तास बसायचं. व्हिडिओ काढण्याचा रिंग लाईट याला चालत नाही. आमच्या मते, ज्यांना गच्ची आहे त्यांनी यावर पैसे घालू नयेत. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, उजेडाने त्वचा बिघडवणारी औषधं चालू असतील, किंवा कधी उन्मादाचा म्हणजे बायपोलरचा त्रास झाला असेल तर पेटी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. तेजस्वी उजेडाने उन्माद उसळू शकतो.

आता उलट बाजू. तळाच्या वेळेआधी उजेड टाळायचा. मे महिन्यात गच्चीवर झोपण्याची सवय इथे अजून आहे. ज्याची तळाची वेळ साडेसात आहे त्याच्यावर सव्वासहालाच ऊन येतं, तो उठून बसतो आणि तासभर चुकीचा उजेड खातो. अशाने खोलीत, जाड पडद्यामागे झोपावं. पूर्वेची खिडकी असेल तर जुन्या चादरीची दुहेरी घडी खिळ्यांनी लावली तरी भागतं. काम असल्याने लवकर उठावंच लागत असेल तर तळाची वेळ उलटेपर्यंत घरात मंद उजेडात राहा, आणि बाहेर पडताना टोपी व गॉगल घाला. ऑफिसला पोचलात की गॉगल काढून वरांड्यात वीस मिनिटं उभे राहा.

चौथी पायरी: संध्याकाळ मंद करा

मोबाईलला सगळा दोष देण्याची पद्धत आहे. मोबाईलपेक्षा छतावरची पांढरी एलईडी ट्यूब डोळ्यांत जास्त उजेड टाकते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बहुतेक घरांत ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा असतो, दुकानदार त्याला कूल डेलाइट म्हणतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा, म्हणजे वॉर्म व्हाइटचा, पाच-सात वॉटचा एक बल्ब आणा आणि तो छताला न लावता कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर लावा. झोपण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास तेवढाच दिवा चालू ठेवायचा. एकत्र कुटुंबात सगळ्यांच्या ट्यूब बंद करायला लावू नका, भांडण होईल. आपल्या खोलीपुरतं करा. रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलात तर तिथली ट्यूब लावू नका.

मोबाईलचा खरा त्रास उजेडापेक्षा मजकुराचा आहे. ब्राइटनेस तळाला नेऊन शांत काही ऐकलं तर फारसं बिघडत नाही. तेच ग्रुपवर राजकारणावर वाद घातला की तासभर झोप येत नाही.

चहा-कॉफीचा हिशेब असा. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उरायला साधारण पाच-सहा तास लागतात. कुणाला कमी, कुणाला बरंच जास्त. एकला झोपायचं असेल तर शेवटचा कप दुपारी चार-साडेचारला. फिल्टर कॉफीत चहापेक्षा कॅफिन बरंच जास्त असतं, त्यामुळे सातच्या कॉफीची जागा चहाला दिली तर थोडा फायदा, पण तो चहाही सातला नकोच.

तंबाखूचं कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगणं भाग आहे. निकोटिन झोप उडवतं. निपाणीच्या पट्ट्यात झोपण्याआधी मिश्री लावणाऱ्या बायका आणि जेवणानंतर चिमूट धरणारे पुरुष पुष्कळ आहेत. रात्रीची मिश्री जेवणाआधीवर आणा, आणि जमलं तर सोडा. दारूने झोप लवकर लागते, पण तीन-चार तासांत उतरते आणि मग झोप तुकड्यातुकड्याची होते.

रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्याने आंघोळ केली किंवा पाय शेकले तर हातापायांतून उष्णता बाहेर जाते आणि झोप लवकर लागते. पंखा चालू ठेवा. बेळगावची थंडी असली तरी खोली कोंदट नको.

पाचवी पायरी: पंधरा-पंधरा मिनिटांनी

आता वेळ अलीकडे आणायची. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं, यापेक्षा घाई नको. वरचा मुलगा दहाला उठतो आणि त्याला उद्यमबागेतल्या कारखान्यात नऊला पोचायचं आहे, म्हणजे पावणेआठला उठायला हवं. अंतर सव्वादोन तासांचं, म्हणजे पंधरा मिनिटांचे नऊ टप्पे, म्हणजे अठरा दिवस. प्रत्येक टप्प्याला चार गोष्टी एकत्र सरकतात: अलार्म, बाहेरचा उजेड, शेवटचा चहा, आणि संध्याकाळी ट्यूब बंद करण्याची वेळ. झोपण्याची वेळ मुद्दाम सरकवायची नाही. ती मागून येते, दोन-चार दिवस उशिरा येते. त्या दिवसांत थोडी झोप कमी पडते, ते धरून चाला.

इथे बहुतेकांची गाडी अडते ती अशी. रोज अडीचला झोपणारा माणूस ‘आजपासून लवकर’ म्हणून साडेअकराला पडतो आणि नेमका तेव्हाच तो दिवसभरात सर्वांत टवटवीत असतो. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर मुद्दाम जागं राहतं, तो त्याचा रोजचा चढ असतो. त्या चढावर अंथरुणात पडलं की तळमळ होते, आणि अंथरूण म्हणजे तळमळ असं समीकरण डोक्यात बसतं. मग उशिराच्या झोपेत निद्रानाशाची भर पडते. म्हणून झोप येईल तेव्हाच पडा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, मंद दिव्याशी बसून काहीतरी कंटाळवाणं करा. शेंगा फोडा, धुतलेले कपडे घडी करा. डोळे मिटू लागले की परत या. उठण्याची वेळ मात्र तीच.

रविवार हा दुसरा खड्डा. पाच दिवस पावणेआठ आणि रविवारी अकरा केलं की सोमवारी पुन्हा पहिल्या टप्प्यावर. सुट्टीला एक तासाची सूट, जास्त नाही. थकवा असेल तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी घ्या. भाकरी-आमटी हाणून घेतलेली दोन तासांची झोप रात्रीतून वजा होते.

एक रात्र पूर्ण जागून दुसऱ्या दिवशी लवकर झोपायचं आणि ‘सायकल सरळ करायची’ ही युक्ती हॉस्टेलमध्ये फार चालते. त्या रात्री झोप लवकर लागते खरी, पण ती थकव्याची. घड्याळ होतं तिथेच असतं आणि चार दिवसांत जुनी वेळ परत येते.

आणखी एक जुनी पद्धत आहे: रोज तीन-तीन तास पुढे सरकत पूर्ण फेरा मारून हव्या वेळेला यायचं. वाचायला गंमत वाटते, कारण पुढे सरकणं अशा लोकांना सोपं जातं. पण आठवडाभर दिवसाढवळ्या झोपावं लागतं, आणि काहींचं घड्याळ नंतर थांबतच नाही, रोज पुढेच सरकत राहतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

मेलाटोनिनबद्दल

औषध दुकानात ३, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, आणि लोक त्या झोपेची गोळी समजून अंथरुणावर पडताना घेतात. घड्याळ अलीकडे आणायला ही वेळ चुकीची आणि मात्राही जास्त. मेलाटोनिन हा शरीरासाठी ‘संध्याकाळ झाली’ असा निरोप आहे. तो नेहमीच्या झोपेच्या चार ते सहा तास आधी द्यायचा असतो, आणि अर्धा मिलिग्रॅमसुद्धा पुरतो. अडीचला झोपणाऱ्याने रात्री नऊच्या सुमारास. मोठी गोळी जास्त वेळ रक्तात राहते, आणि सकाळपर्यंत उरली तर तो निरोप उलटा जातो.

डॉक्टरांशी बोलूनच सुरू करा. रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सची औषधं किंवा फ्लुव्हॉक्सामिन हे नैराश्यावरचं औषध चालू असेल, गरोदरपण असेल किंवा मूल लहान असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. गोळी घेतल्यावर गुंगी येऊ शकते, त्यानंतर दुचाकी काढायची नाही. सकाळचा उजेड सोडून नुसत्या गोळीवर विसंबलात तर फार काही हाती लागत नाही.

घड्याळ न बदलता जगायचं असेल तर

सगळ्यांनीच अलीकडे यायला हवं असं नाही. दोन ते साडेनऊ झोपून कुणाचं अडत नसेल, तर ती आळशीपणाची नव्हे, वेगळ्या वेळेची झोप आहे. आमचं मत असं, की घरचं आणि पोटापाण्याचं जुळत असेल तर ओढाताण करू नये. वेळ मात्र एक ठेवा. दोनला झोपणारा सुखात राहतो. आज बारा, उद्या चार अशी झोप कुणालाच झेपत नाही.

काम निवडताना हा मुद्दा पगाराइतकाच पाहा. उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांत उशिराच्या माणसाला दुसरी पाळी सर्वांत चांगली, पहिली सर्वांत वाईट. हॉटेल, छापखाना, संध्याकाळच्या शिकवण्या, परदेशी वेळेवर चालणारं घरबसल्या काम हे जमणारं. वडगाव-खासबागेत स्वतःचे यंत्रमाग असणाऱ्यांना वेळ ठरवण्याची थोडी मोकळीक असते, पण रात्रीचा खटखटाट शेजाऱ्यांना सोसेल का ते विचारा. दुधाचा रतीब, पेपर टाकणं, सकाळच्या शाळेची नोकरी यांपासून लांब राहा.

घरच्यांशी बोलताना शास्त्र सांगत बसू नका, तास सांगा. “आई, मी सात तासच झोपतो. तू दहा ते पाच, मी दोन ते नऊ.” हे वाक्य महिनाभर शांतपणे, तेच तेच सांगितलं की पोचतं. त्यासोबत कामाची वाटणी करा. रात्री अकरानंतर घर निजलं की तुम्ही ओट्याची सफाई, उद्याच्या डब्याची भाजी चिरणं, इस्त्री, शेंगा निवडणं उरका. सकाळचं नळाचं पाणी दुसऱ्या कुणीतरी भरावं, किंवा मोठं पिंप घ्यावं. नवीन सून असेल तर हे अवघड जातं, हे खरं आहे. तिथे नवऱ्याने सासूशी बोलणं भाग आहे, आणि सकाळचा चहा त्याने टाकला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

सकाळच्या आवाजांवर उपाय स्वस्त आहे. पहाटेचे भोंगे, कोंबडे, घंटागाडी यांना कापसाचे बोळे पुरत नाहीत. औषध दुकानातले फोमचे कानबोळे दाबून, बारीक करून कानात घाला आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरा. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर उपयोग नाही. अलार्म थरथरणारा ठेवा, उशीखाली.

झोप अपुरी असलेल्या सकाळी गाडी चालवणं ही एकच गोष्ट अशी आहे जिथे तडजोड नको. तळाच्या वेळेच्या आसपास दोन-चार सेकंदांची डुलकी माणसाला न कळता लागते. पुणे-बेंगळूर महामार्गावर ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांत गाडी सुमारे ६७ मीटर पुढे गेलेली असते. कोल्हापूरला किंवा हुबळीला सकाळची वेळ गाठायची असेल तर बसने जा.

पाळ्या आणि रात्रीचं पाणी

उसाला रात्रीच्या थ्री-फेजवर पाणी पाजणाऱ्यांना हे वेळापत्रक लागू करणं कठीण, कारण वीज कधी येणार ते हेस्कॉम ही वीज कंपनी ठरवते. दोन-तीन रात्रींचाच प्रश्न असेल तर घड्याळ हलवायचा प्रयत्न करू नका. संध्याकाळी दीड तास झोपून निघा. सकाळी परतताना टोपी आणि गॉगल घाला, म्हणजे उन्हाने जाग वाढणार नाही. घरी येऊन अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास झोपा आणि दुपारी उठा. रात्री नेहमीच्या वेळेला पडा. पाळी आठवड्याने बदलत असेल आणि बदलाचा क्रम निवडता येत असेल तर पहिली, दुसरी, तिसरी असा पुढे जाणारा क्रम मागा. उलटा क्रम सगळ्यांनाच जड जातो, उशिराच्यांना जास्त.

मिरवणुकीनंतर

शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपतीचं विसर्जन बेळगावात रात्रभर चालतं. गावची यात्राही तशीच. जाऊ नका असं कुणी म्हणणार नाही. पण परतल्यावर पूर्ण दिवस झोपून काढू नका. नेहमीच्या वेळेपेक्षा जास्तीत जास्त दोन तास उशिरा उठा, लगेच उघड्यावर या, दुपारी एक डुलकी घ्या आणि ती रात्र नेहमीसारखी ठेवा. तीन-चार दिवसांत घड्याळ बहुतेक रुळावर येतं. नाही आलं तर दोन टप्पे मागे जाऊन पुन्हा पंधरा मिनिटांचा क्रम धरा. दहावी-पीयूसीच्या परीक्षेआधी मात्र तीन आठवडे मोकळे ठेवा. आदल्या आठवड्यात सुरू केलेलं पेपरच्या दिवसापर्यंत लागू पडत नाही.

डॉक्टरांकडे कधी

सहा आठवडे सकाळचा उजेड आणि एकच उठण्याची वेळ नेमाने पाळूनही झोप तासभरसुद्धा अलीकडे आली नाही, किंवा रोज थोडी थोडी पुढेच सरकत राहिली, तर दाखवा. आधी घराजवळचे एमडी किंवा मानसोपचारतज्ज्ञ चालतील. पुढची तपासणी लागली तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था जवळ आहे, आणि बेंगळूरच्या निम्हान्स या तशाच मोठ्या संस्थेत झोपेच्या विकारांवर उपचार होतात. जगणंच नको वाटण्यापर्यंत मन गेलं असेल तर वाट पाहू नका, १४४१६ या टेली-मानस या सरकारी मदतसेवेच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन लागतो.

जाताना चौदा दिवसांची वही, चालू औषधांची यादी आणि घोरण्याबद्दल सांगू शकेल असं घरातलं एक माणूस सोबत न्या. ‘झोप येत नाही’ एवढंच सांगितलं तर बहुधा झोपेची गोळी लिहून मिळते. ‘दोनला झोपलो की लगेच लागते, दहाला झोपलो की लागत नाही’ असं सांगा.